नाव विचारायचं राहूनच गेलं

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मोटारहोम घेऊन निघालो, घाई कसलीच नव्हती. समुद्रकाठी मागची चाकं वाळूत रुतली. धावत आलेल्या तिघांनी आधी आमचं रेस देणं थांबवलं, टायरमधली थोडी हवा सोडली, हातांनी वाळू उकरून चाकांपुढे फळ्या सरकवल्या आणि गाडी अलगद बाहेर! वर पंपाने हवा भरूनही दिली. (हे म्हणे, ‘मी तेच करणार होतो.’ असो.) पुढे घाटात ब्रेकचा जळका वास येऊ लागला, तेव्हा मागच्या ट्रकवाल्या दादांनी थांबवलं, ब्रेक थंड होईपर्यंत सोबत बसले आणि उताराला खालच्या गिअरमध्येच राहायला बजावलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आणि दादा, तुमची पाण्याची बाटली आमच्याकडेच राहिलीय.