प्रशिक्षक आणि निवड समिती: अधिकारांची हद्द लेखी हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शालेय आणि क्लब स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला की पुण्यातल्या मैदानांवर एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. संघ निवडणाऱ्यांचा शब्द कुठे संपतो आणि संघ खेळवणाऱ्याचा कुठे सुरू होतो, हा तो वाद. मी सोळा वर्षे मुलांना बेसबॉल शिकवला आहे आणि या वादापायी एका मुलाचा हात दुखावलेला डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बेसबॉलमध्ये या दोन कामांसाठी दोन वेगळी माणसे नेमलेली असतात. जनरल मॅनेजर कार्यालयातून काम पाहतो. खेळाडूंचे करार, अदलाबदल आणि नवी भरती त्याच्याकडे असते. ज्याला नुसते ‘मॅनेजर’ म्हणतात तो म्हणजे आपल्या भाषेतला प्रशिक्षक. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, बसतो, त्या दिवशी कोणते नऊ जण कोणत्या क्रमाने बॅटिंगला उतरतील ते ठरवतो आणि पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, थकला असे वाटले की स्वतः मैदानात चालत जाऊन त्याच्या हातून चेंडू घेतो. इतकी आखीव रचना असूनही लॉस एंजेलिस एंजल्स या अमेरिकन संघात ती कशी कोलमडली, हे आपल्याकडच्या प्रत्येक क्लबच्या कार्यकारिणीने समजून घेण्यासारखे आहे.

माइक सोशा २००० साली एंजल्सचे मॅनेजर झाले आणि २००२ मध्ये त्यांनी संघाला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकून दिली. त्या संघाचे ते आजवरचे एकमेव विजेतेपद आहे. पुढे त्यांना २०१८ पर्यंतचा करार मिळाला. जेरी डिपोटो जनरल मॅनेजर म्हणून आले ते २०११ च्या अखेरीस, म्हणजे पदाने वरचा माणूस नवा आणि त्याच्या हाताखालचा मात्र अकरा वर्षे मुरलेला, मालकांच्या खास विश्वासातला. मे २०१२ मध्ये डिपोटो यांनी बॅटिंग प्रशिक्षक मिकी हॅचर यांना काढले. हॅचर हे सोशा यांचे खेळाडू असल्यापासूनचे सहकारी. १९८८ च्या विजेत्या डॉजर्स संघात दोघे एकत्र खेळले होते. हॅचर यांना काढल्याने डिपोटो आणि सोशा यांच्यात पडलेली गाठ पुढे सुटलीच नाही. २०१४ मध्ये संघाने ९८ सामने जिंकले तेव्हा सगळे झाकले गेले, पण प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, कॅन्सस सिटीकडून सलग तीन पराभव झाले आणि पुढच्याच हंगामात भडका उडाला. कार्यालयाने तयार केलेली आकडेवारी आणि प्रतिस्पर्ध्यांची माहिती प्रशिक्षक खेळाडूंपर्यंत नीट पोचवत नाहीत, ही डिपोटो यांची तक्रार होती. अखेर १ जुलै २०१५ रोजी, ऐन हंगामात, त्यांनी राजीनामा दिला. त्या वर्षी एंजल्सचे प्लेऑफ अवघ्या एका विजयाने हुकले.

या प्रकरणाकडे पाहताना बहुतेक जण ‘अनुभव विरुद्ध आकडे’ असा सामना लावतात. मला ते पटत नाही. माहिती खेळाडूपर्यंत पोचलीच पाहिजे, या मुद्द्यावर डिपोटो बरोबर होते. स्वतःचा अंदाज शाबूत ठेवण्यासाठी मुलांपासून कागद लपवणारा प्रशिक्षक मुलांचे नुकसानच करतो. पण ती माहिती हातात आल्यावर मैदानात काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार मैदानात उभ्या असलेल्या माणसाचाच, आणि तिथे सोशा बरोबर होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असताना संघ फाटतो, तेव्हा दोष त्या दोघांच्या वरच्याकडे जातो. मालक आर्टी मोरेनो यांनी एकाला दीर्घ करार दिला, दुसऱ्याला मोठे पद दिले आणि दोघांमधली हद्द ठाम आखून दिली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे २०१७ च्या जूनमध्ये अनिल कुंबळे यांनी भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षकपद सोडले, तेव्हाही कर्णधाराला त्यांची कार्यपद्धती मान्य नसल्याचे त्यांना मंडळाकडून आदल्या दिवशी प्रथमच कळले, असे त्यांनी आपल्या निवेदनात म्हटले होते. एवढ्या श्रीमंत मंडळात ही गत, तर वर्गणीवर चालणाऱ्या क्लबांचे काय सांगावे!

आता माझा अनुभव. कर्वे रस्त्याजवळच्या एका मैदानावर आमच्या क्लबचा सामना होता. आमचा पिचर पंधरा वर्षांचा. पाचव्या इनिंगमध्ये त्याचे चेंडू वर राहू लागले आणि दोन चेंडूंच्या मध्ये तो उजवा हात खाली सोडून झटकू लागला. मी डगआउटमधून उठलो, तोच खिशातला फोन वाजला. मंडपाच्या सावलीत बसलेले आमचे एक पदाधिकारी बोलत होते: ‘‘त्याला काढू नका, निवड समितीची माणसं आली आहेत, बघू द्या त्यांना.’’ मी पुन्हा बाकावर बसलो. ती माझी चूक होती आणि ती मी कोणावर ढकलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाला कोपर सरळ करता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे चेंडू हातात घ्यायला मनाई केली आणि त्याचा तो हंगाम तिथेच संपला. क्लबच्या बैठकीत ‘निर्णय प्रशिक्षकांचा होता’ अशी नोंद झाली. फोनची नोंद कुठेच नव्हती.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण वाढत्या वयात खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात आणि अति फेकीचा ताण थेट तिथेच बसतो. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत म्हणूनच वयानुसार एका दिवसातल्या चेंडूंची कमाल संख्या नियमानेच ठरवून दिली आहे. पंधरा वर्षांच्या मुलासाठी ती ९५ आहे. तिथे प्रशिक्षकालाही मर्यादा आहे आणि पदाधिकाऱ्यालाही, आणि मोजणी करणारा माणूस तिसराच असतो.

माझी मागणी मोठी नाही. हंगामापूर्वी प्रत्येक क्लबने आणि शाळेने एका कागदावर लिहावे की संघाची निवड कोण करणार, सामन्यातले नऊ जण कोण ठरवणार, पिचरला बदलण्याचा अंतिम शब्द कोणाचा आणि सामना चालू असताना प्रशिक्षकाशी कोण बोलू शकेल. पदाधिकाऱ्याला प्रशिक्षकाचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याने सामन्यानंतर लेखी विचारावे आणि प्रशिक्षकानेही लेखी उत्तर द्यावे. त्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्याची एक प्रत मुलांच्या पालकांकडे असावी.

आपला नम्र,
एक माजी बेसबॉल प्रशिक्षक,
कोथरूड, पुणे