वजाबाकीच्या चित्रात चमकलेला तो ठिपका

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुमच्या लक्षात नसेल, पण गाठ सांगितली तर आठवेल. डाव्या अंडाशयातली, ९ सेंटिमीटरची, आत जुनं रक्त साठलेली.

तुमच्याकडे आले तेव्हा सोनोग्राफीत गाठ दिसली होती आणि रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं प्रथिन) वाढलेलं होतं. अंडाशयाचा कॅन्सर म्हणजे एकच आजार, पोटभर पसरणारा, असं आम्ही घरात सगळ्यांनी धरून चाललो होतो. त्याआधी एके ठिकाणी सुई घालून गाठीतलं पाणी तपासू, असंही सुचवलं गेलं होतं. तुम्ही एमआरआयला घेण्याआधी विचारलंत, "पाळीत दुखतं का? किती वर्षं?" सोळा वर्षं, मी म्हणाले. त्या सोळा वर्षांत माझं दुखणं कागदावर उतरवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

रिपोर्ट हातात देऊन तुम्ही मला वाटेला लावू शकला असतात. त्याऐवजी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसवलंत. एमआरआयच्या टी-१ नावाच्या प्रकारच्या चित्रात गाठ पांढरीशुभ्र होती. जुनं रक्त असं दिसतं, एन्डोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, त्या आजाराच्या) गाठीत ते असतं, आणि सीए-१२५ त्यानंही वाढतं, हे तिथे कळलं. मग शिरेतून औषध दिल्यानंतरचं चित्र लावलंत. तेही पांढरंच! मला काहीच फरक दिसेना. "म्हणूनच वजाबाकी करायची," तुम्ही म्हणालात. नंतरच्या चित्रातून आधीचं वजा केलं, तशी सगळी गाठ काळी झाली आणि तिच्या भिंतीला चिकटलेला एक लहानसा कोंब तेवढा उजळला. रक्ताच्या गुठळीला रक्तपुरवठा नसतो, ती औषध घेत नाही. या कोंबानं घेतलं होतं. तो क्षण मी विसरणार नाही. भीती वाटली, पण नेमकं काय आहे हे पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होतं.

अंडाशयाच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा हाय-ग्रेड सिरस प्रकार बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतो, पोटात पाणी होतं, आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर गाठी येतात. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. म्युसिनस असता तर मोठ्या गाठीत अनेक कप्पे, प्रत्येकाची छटा वेगळी, असं दिसलं असतं. माझं चित्र एन्डोमेट्रिओसिसमधून उद्भवणाऱ्या प्रकारांकडे बोट दाखवत होतं: एन्डोमेट्रिऑइड किंवा क्लिअर सेल. आणि एन्डोमेट्रिऑइडसोबत गर्भाशयाच्या अस्तरातही कधीकधी कॅन्सर निघतो म्हणून तुम्ही तेही त्याच बैठकीत बारकाईनं पाहिलंत.

"या दोघांतला कोणता, हे चित्र सांगणार नाही. कॅन्सर आहेच, असंही मी आज म्हणणार नाही," हेही तुम्हीच सांगितलंत. माझी गाठ ओ-रॅड्स ४ मध्ये होती (एमआरआयवरून कॅन्सरची शक्यता सांगणारी श्रेणी), म्हणजे अशा शंभरातल्या साधारण पन्नास गाठी कॅन्सरच्या निघतात. हा आकडा तुम्ही माझ्या नजरेला नजर देऊन सांगितलात. मला त्याचाच आधार वाटला, खरंच.

त्याच दुपारी तुम्ही सर्जनना फोन केलात: सुई नको, गाठ फुटता कामा नये. कॅन्सर असलाच आणि गाठ पोटात फुटली, तर अंडाशयाच्या आतच असलेल्या कॅन्सरची स्टेज आयए न राहता पुढची आयसी होते. गाठ पिशवीत घालून अख्खी काढली गेली. पॅथॉलॉजीत एन्डोमेट्रिऑइड निघाला, लो-ग्रेड, स्टेज आयए. किमो लागली नाही.

निघताना मी धाकट्या बहिणीबद्दल विचारलं होतं, तिलाही पाळीत तसंच दुखतं म्हणून. एन्डोमेट्रिओसिस असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होत नाही, घाबरवू नका, पण दाखवून घ्या, असं तुम्ही सांगितलंत. गेल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेले होते. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, अकरा वर्षं.

तुमची ऋणी,
डाव्या बाजूची ९ सेंटिमीटरवाली