सहा वर्षांनंतरची वाढ

मा. संपादक यांस,
सा. न. वि. वि.

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीला बसलेल्या वयस्क स्त्रियांची छायाचित्रे आपल्या दैनिकासह बहुतेक सर्व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतात. त्यांच्याखालच्या मजकुरात कौतुक असते आणि ते मनापासून असते, याविषयी मला शंका नाही. तरीही साठीच्या बाईने अक्षर गिरवले तर ते नवल ठरावे, अशी आपली समजूत का झाली आहे, याचा विचार व्हावा असे मला वाटते. माणूस लहानपणी वाढतो, लग्नानंतर स्थिरावतो आणि त्यापुढे फक्त झिजत जातो, असे आपण मनाशी धरून ठेवले आहे. आमच्या भागातील शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत आणि घर या साऱ्यांचा कारभारही त्याच समजुतीवर चालतो.

दारव्हा तालुक्यातील एका गावात अंगणवाडी सेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. मुलांची वाढ मोजणे हेच माझे काम होते. बाळाचे जन्मतःचे वजन पाचव्या-सहाव्या महिन्यात दुप्पट होते आणि वर्षाअखेर तिप्पट होते. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा आकार प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. इतक्या वेगाची वाढ पुन्हा आयुष्यात होत नाही, म्हणून २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने सहा वर्षांखालील मुलांवर आणि त्यांच्या मातांवर भर दिला, तो योग्यच होता. परंतु नोंदवह्या भरता भरता एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. गावातली एकच मुलगी माझ्या वहीत आधी बालक म्हणून येई, मग किशोरी म्हणून, मग गरोदर आणि स्तनदा माता म्हणून. आणि तिचे शेवटचे मूल सहा वर्षांचे झाले की ती वहीतून कायमची बाहेर जाई. त्या वेळी तिचे वय अनेकदा तिशीच्या आतच असे. लाडकी बहीण योजनेने २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला शासनाच्या यादीत आणले, हे मी मान्य करते आणि त्या पैशाचा घरात होणारा उपयोगही रोज पाहते. तरीही त्या यादीत ती फक्त लाभार्थी आहे. तिचे या वयात काय बदलत आहे, हे विचारणारे कोणी नाही.

त्या वयात पुष्कळ बदलते. पंचेचाळिशीच्या आसपास पाळी जाऊ लागते, झोप उडते, अंगातून वाफा निघतात, पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात. आमच्याकडच्या बाया हे सारे निंदण आणि कापसाची वेचणी करता करताच सोसतात. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आता आरोग्य केंद्रात झाली आहे, पण पाळी जाण्याच्या काळाविषयी तिथे कोणी दोन शब्द बोलल्याचे मी क्वचितच ऐकले. त्याच सुमारास मुली सासरी गेलेल्या असतात, मुलगा पुण्याला किंवा नागपूरला कामाला गेलेला असतो आणि घरात सासूचे आजारपण असते. ‘‘आता आपलं काय राह्यलं माय, पोरायचं झालं म्हणजे झालं,’’ हे वाक्य मी चाळीस-बेचाळीस वर्षांच्या बायांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांच्यापुढे आणखी तीस वर्षे असू शकतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मानसशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाती घेतला. एरिक एरिक्सन यांनी आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या आणि त्यांतल्या तीन प्रौढपणीच्या आहेत. मध्यम वयातल्या माणसाची मोठी गरज पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याची असते आणि ती भागली नाही तर माणूस आतून साचून राहतो, असे त्यांनी म्हटले. पती वारल्यानंतर त्यांच्या पत्नी जोन यांनी, स्वतः नव्वदी ओलांडलेली असताना, अतिवृद्धापकाळाची नववी अवस्था त्यात जोडली. बुद्धीविषयीही असेच आहे. के. वॉर्नर शाय यांनी अमेरिकेतील सिॲटल येथे १९५६ मध्ये प्रौढांच्या बुद्धीचा अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांची पुन्हा चाचणी घेतली. झटपट करायच्या कामांतला वेग तरुणपणानंतर हळूहळू कमी होतो. पण शब्दांची जाण आणि अनुभवातून साठलेले ज्ञान साठीपर्यंत टिकते, अनेकांच्या बाबतीत वाढतेही, असे त्यातून दिसले. साक्षरता वर्गातील बाई पाढे पाठ करण्यात नातवापेक्षा मागे पडते, पण व्यवहाराचे गणित, उसनवारीचा हिशेब, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर ती त्याच्यापेक्षा लवकर समजून घेते. तिला शिकवणाऱ्या स्वयंसेवकाने हे ध्यानात घेतले तर शिकवण्याची सारी पद्धतच बदलेल.

याचा पुरावा शोधायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही, तो आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. जेमतेम पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांनी बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेसुद्धा आत्मसात केले. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही अधिक कमी झाले आणि ते निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे आशा कार्यकर्तींच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागे हा अनुभव होता. वाचलेल्या बाळांबद्दल आपण नेहमी बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण चूल, मूल आणि मजुरी एवढेच ज्यांचे जग मानले गेले होते, त्या स्त्रिया संसारात पडल्यानंतर किती वाढल्या, ही त्या प्रयोगाची दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते.

आपल्या परंपरेत चार आश्रम सांगितले आहेत आणि आयुष्याला टप्पे असतात, ही जाण त्यात निश्चित आहे. मात्र त्या मांडणीत मजूर स्त्रीला जागा नव्हती. तिचे बालपण लवकर संपत असे, वानप्रस्थ तर तिला कधी मिळालाच नाही. आजही वेचणीच्या दिवसांत शाळेत हजेरी कमी होते आणि दहावीनंतरच्या मुलीसाठी स्थळ पाहणे सुरू होते. विचार करून निर्णय घेण्याशी संबंधित मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो, असे शास्त्र सांगते. आमच्याकडे त्या वयाच्या मुलीची मुले शाळेत जाऊ लागलेली असतात. सारखेच वय असलेली दोन माणसे आयुष्याच्या एकाच टप्प्यावर असतील असे नाही, हे खेड्यात काम केलेल्या कोणालाही कळते.

यासंदर्भात ग्लेन एल्डर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचे काम आपल्या जिल्ह्याने जाणून घ्यावे असे आहे. १९२९ नंतरच्या महामंदीत ज्या घरांचे उत्पन्न बुडाले, त्या घरांतील मुलांचा पुढचा आयुष्यक्रम त्यांनी तपासला. १९२०-२१ मध्ये जन्मलेली मुले मंदीच्या काळात किशोरवयात आली होती. त्यांनी काम करून किंवा घर सांभाळून कुटुंबाला हातभार लावला आणि त्यांतली बरीचशी पुढे सावरली. १९२८-२९ मध्ये जन्मलेली मुले, विशेषतः मुलगे, अगदी कोवळ्या वयात त्या तंगीत सापडल्यामुळे अधिक खचले. संकट एकच होते, पण ते कोणत्या वयात आले यावर त्याची खूण ठरली. आमच्या भागात कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरी मी गेले आहे. चौकशीला येणारे सातबारा, पीककर्ज आणि सावकाराचे कागद पाहतात, आणि ते पाहायलाच हवेत. पण त्या घरातला चार वर्षांचा मुलगा बोलायचा थांबला आहे, चौदा वर्षांची मुलगी स्वयंपाक आणि वेचणी दोन्ही करू लागली आहे आणि पस्तिशीची आई आयुष्यात पहिल्यांदा एकटी बँकेत जात आहे, हे कोणी लिहून घेत नाही. या तिघांना लागणारी मदत वेगवेगळी आहे. चौदा वर्षांच्या मुलीचा कर्तेपणा पाहून तिची शाळा सुटू देणे हा तर तिच्यावर दुसरा अन्याय आहे. आणि त्या आईविषयी एवढेच सांगते, की दोन-तीन वर्षांत पिकाचे, मजुरांचे आणि बँकेचे सर्व व्यवहार हाती घेतलेल्या अशा अनेक स्त्रिया मी पाहिल्या आहेत. दुःखाने माणूस घडतो, असे मला अजिबात म्हणायचे नाही. ते दुःख त्यांच्या वाट्याला यायलाच नको होते. पण पस्तिशीतही माणसात केवढी वाढ शिल्लक असते, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हाताऱ्यांविषयी थोडेच लिहिते. पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने असे दाखवले, की चांगले वृद्धत्व आलेली माणसे कामे कमी करतात, निवडलेल्या कामांत अधिक लक्ष घालतात आणि कमी झालेल्या शक्तीची भरपाई दुसऱ्या रीतीने करतात. सत्तरीचा शेतकरी लांबचे वावर बटईने देतो, विहिरीजवळची वांगी-मिरची स्वतः पाहतो आणि तुरीत फवारणी कधी घ्यायची हे बांधावरून सांगतो, तेव्हा तो नेमके हेच करत असतो. मुलांनी त्याला ‘आता बसा आरामात’ म्हणून खाटेवर बसवणे ही माया असली, तरी त्याने माणूस लवकर खचतो.

साक्षरतेची चाचणी १५० गुणांची असते आणि तीत वाचन, लेखन व संख्याज्ञान तपासले जाते. चाचणी झाली की बहुतेक गावांत वर्ग बंद पडतो. वर्षभर काही वाचले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते, म्हणून तो वर्ग जिल्हा परिषद शाळेच्या एका खोलीत संध्याकाळी चालू राहावा, तिथे वर्तमानपत्र, बचत गटाचे पासबुक, औषधाची चिठ्ठी आणि पीकविम्याचा अर्ज वाचायला मिळावा आणि महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने पाळी जाण्याच्या काळाविषयी तिथेच बोलावे, अशी माझी विनंती आहे. यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. दिवाबत्ती आणि पुस्तकांचा खर्च त्यातून भागू शकतो. १ मेच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेत हा ठराव चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांनी स्वतः मांडावा आणि सरपंच व ग्रामसेवकांनी तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ