रक्त ‘बनवणारा’ एकच जीन नसतो, बेडकाचं अंडं बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मध्यंतरी आपल्या पेपरात ‘रक्त बनवणारा जीन सापडला’ असं ठळक हेडिंग आलं होतं, खाली बेडकाच्या भ्रूणावरच्या रिसर्चची चार ओळींची बातमी. मी गेली २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडं एक ताई येतात, त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) आहे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या ते कात्रण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, माझ्या पोरात हा जीनच नाही का हो?” म्हणून हे पत्र.

बेडकाकडं बघितलं तर असा एकटा मालक जीन कुठंच नाहीये. लॅबमध्ये जो वापरतात तो झेनोपस, मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. त्याचं अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं, वरची बाजू काळपट आणि खालची पांढुरकी. शुक्राणू आत शिरला की अंड्याचं बाहेरचं आवरण आतल्या गाभ्यावरून साधारण ३० अंश सरकतं, आणि शुक्राणू जिकडून शिरला त्याच्या समोरच्या बाजूला पुढं पाठ तयार होते. म्हणजे पाठ कुठं आणि पोट कुठं हे पिल्लाचा स्वतःचा एकही जीन चालू व्हायच्या आधीच ठरतं! दीड तासानं अंड्याचे दोन भाग होतात, मग जवळपास दर अर्ध्या तासाला दुप्पट, असं १२ वेळा होऊन चारेक हजार पेशी होईपर्यंत सगळा कारभार आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए (तिच्या जीनच्या उतरवलेल्या प्रती) आणि प्रोटीनवर चालतो. पिल्लाचे जीन जोमानं कामाला लागतात ते त्यानंतर.

आता रक्ताचं. १९२४ मध्ये जर्मनीत हिल्डे मॅन्गोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी एका न्यूटच्या (हा पण उभयचरच, शेपटीवाला) भ्रूणाच्या पाठीकडचा छोटासा तुकडा काढून दुसऱ्याच्या पोटाकडं लावला, तर तिथं पाठीचा कणा-मेंदूसकट दुसरं भ्रूण उभं राहिलं आणि ते बरंचसं, ज्याला तुकडा लावला त्या भ्रूणाच्याच पेशींचं होतं. श्पेमानना १९३५ ला नोबेल मिळालं, हिल्डे मात्र १९२४ मध्येच भाजून गेल्या, वय फक्त २५. एवढं मोठं काम करून, मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. त्या तुकड्यात काय जादू आहे ते कळायला १९९० चं दशक उजाडलं. नॉगिन, कॉर्डिन असे जीन तिथं चालू असतात आणि त्यांची प्रोटीनं काय करतात, तर पेशी एकमेकींना देतात त्या बीएमपी नावाच्या सिग्नलला अडवतात. अडवलं तिथं पाठ आणि मेंदू, आणि पोटाच्या बाजूला जिथं अडवणारं कुणी नाही तिथं रक्त!

याचा एक प्रयोग तर मला कायम डोळ्यापुढं दिसतो. अंडं फलित झाल्या झाल्या खालच्या बाजूवर यूव्ही किरण सोडले की ते ३० अंशांचं सरकणंच होत नाही, मग त्या भ्रूणाला डोकं नाही, पाठ नाही, नुसता पोटाचा गोळा, पण रक्त मात्र भरपूर. कुठलाही ‘रक्ताचा जीन’ वरून घातलेला नसतो, फक्त अडवणारे आलेले नसतात.

म्हणजे रक्तासाठी जीन लागत नाहीत असं नाही. गाटा-२, एससीएल, गाटा-१ अशा जीनची रांगच आहे, त्यात गाटा-१ हिमोग्लोबिनचे जीन चालू करायला लागतो, आणि हाच आपल्या बोनमॅरोतही (हाडांच्या मगजात) आहे. शिवाय रक्त एकदाच बनत नाही. पहिलं पोटाच्या बाजूला घाईघाईनं पिल्लापुरतं, आणि मोठेपणीच्या रक्ताच्या मूळ पेशी वेगळ्याच जागेतून, महाधमनीच्या भिंतीतून. ३२ पेशींच्या भ्रूणात एकेका पेशीला खूण करून २००० साली दाखवलं गेलं की या दोन्हींचे पूर्वज त्या वेळेलाच वेगवेगळे असतात.

बीएस्सीला आम्ही बेडकाच्या रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला पातळ थर) केला होता. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि मधे रिकाम्या, त्याच्या लांबट आणि मधोमध जांभळं केंद्रक. तेव्हा नुसती आकृती काढून मार्क घेतले. बेडूकमाशाचा बेडूक होताना त्याचं हिमोग्लोबिनसुद्धा बदलतं, लहानपणीचं बंद होऊन मोठेपणीचं चालू होतं, हे कुणी सांगितलंच नाही. आपलंही तसंच असतं. त्या ताईंचा मुलगा जन्मल्यावर पहिले पाच-सहा महिने ठणठणीत होता तो याचमुळं, आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन तोवर पुरत होतं. त्याची मॅरो रक्त बनवायला कमी पडत नाहीये, उलट जिवाच्या आकांतानं बनवतेय, बिघाड आहे तो हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या जीनमध्ये, आणि तो आई आणि वडील दोघांकडून आलाय, एकट्या आईकडून नाही. हे मी ताईंना तीनदा सांगितलं.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी जी जीन एडिटिंगची (जीनमध्ये नेमका बदल करण्याची) ट्रीटमेंट मंजूर केली (१२ वर्षांपुढच्यांसाठी), ती हा बिघडलेला जीन दुरुस्त करतच नाही. ते आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन पुढं बंद ठेवणारा बीसीएल११ए जीन तेवढा रक्ताच्या पेशींत ढिला करते. तिथंही परत अडवणाऱ्यालाच अडवलंय!

तर विनंती एवढीच, अशी बातमी चार ओळीत उरकू नका, आणि हेडिंगला ‘रक्त बनवणारा’ ऐवजी ‘रक्त बनताना लागणारा’ असं लिहा, एक शब्द वाढेल पण चालेल. ताई पुढच्या आठवड्यात रक्त चढवायला यायच्या आहेत. त्याआधी हे पत्र छापलंत तर त्या कात्रणाच्या जागी हे त्यांच्या हातात देईन.

– एक वाचक, जि. सातारा