मोठ्यांच्या वर्गाबद्दल सिस्टरांचे आभार

आदरणीय सिस्टर,

सप्रेम जय येशू.

कॅथलिक चर्चमध्ये येऊ पाहणाऱ्या मोठ्या माणसांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग तुम्ही आमच्या हाती देऊन गेलात, त्याचे आभार मानायला हे पत्र. उघड लिहितोय, कारण यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत आमच्यासारखे वर्ग घेणारे आणखीही असतील.

दिवसभर राबून आलेल्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं बसवलं, की दुसऱ्या आठवड्यात चटया रिकाम्या, हे तुमचंच सांगणं. म्हणून पाळीपाळीने वाचायला लावत नाही. वाचता न येणारा लाजेपायी येणंच सोडतो आणि ‘काम होतं’ एवढंच सांगतो. एकानेच शुभवर्तमानाचा उतारा दोनदा सावकाश वाचायचा, थोडं गप्प बसायचं, मग एकच प्रश्न. तासाभरात उठायचं. प्रार्थनेची आठवड्याला एकच ओळ. आधी अर्थ, मग पाठांतर. वेळ मात्र ओलिताची लाईन पाहून ठरते. शेतीची वीज रात्रीची असली की माणसं हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात असतात, तेव्हा वर्ग रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधली उपासना आटोपल्यावर. वेचणीच्या दिवसांत नवा विषय काढत नाही.

या वर्गाचं सुख कशात आहे, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात कळतं. द्राक्षमळ्याचा दाखला वाचला, की किलोवर कापूस वेचणाऱ्या बाया भांडायलाच उठतात. सकाळपासून वाकलेलीला आणि पाच वाजता आलेलीला सारखाच रोज? कोणी म्हणते, मालकाने आधी सकाळच्यांचा हिशेब करून त्यांना वाटेला लावायचं होतं, म्हणजे बोंबच झाली नसती. (दाखल्यात शेवटी आलेल्यांना आधी पैसे मिळतात, हे त्यांच्या बरोबर ध्यानात येतं.) मग एखादी म्हातारी विचारते, जिला दिवसभर कोणी कामावर नेलंच नाही, तिच्या घरी चूल कशावर पेटायची? त्यानंतर कृपा म्हणजे काय, हे वेगळं समजावण्याची गरज राहत नाही. अशा वेळी शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण, सांगता येत नाही.

१९७२ च्या प्रौढदीक्षेच्या विधीतले, म्हणजे मोठ्या माणसाला पायरीपायरीने बाप्तिस्म्यापर्यंत नेण्याचे टप्पे तुम्ही पाळायला लावलेत, तेही बरं झालं. बाप्तिस्म्यासाठी ईस्टर गाठायची घाई सगळ्यांनाच असते, पण विधीत ठरावीक महिने नाहीत. गरज पडली तर काही वर्षंही लागू शकतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी शुभवर्तमानातले उतारे अनुक्रमे विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध आणि मेलेला परत उठलेला लाजर यांचे. विहिरीचा उतारा इथे फारसा समजावावा लागत नाही. सगळ्यात जास्त बुडतो तो ईस्टरनंतरचा टप्पा. बाप्तिस्मा झाला म्हणजे संपलं असं वाटतं, त्यात लग्नसराई आणि ऊन. खरे प्रश्न तर तेव्हाच पडतात.

पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारायच्या. दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालाय का? तो वैध असेल तर पुन्हा द्यायचा नाही, पण बाप्तिस्म्याचा दाखला लागतो; नोंदवहीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, म्हणून वेळ हाताशी ठेवायचा. आणि लग्न कसं झालंय, चर्चच्या नियमात बसतं का? हे शेवटच्या महिन्यात निघालं तर सगळं अडतं. बाप्तिस्म्याला सोबत उभं राहायला धर्मपिता किंवा धर्ममाता एकच असली तरी चालते, पण साधारणपणे वय १६ पूर्ण आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करणारा संस्कार) झालेलं हवं.

वर्ग भरतो तिथे धान्य-कपड्यांचं वाटप नको, यावर तुम्ही अडून बसलात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या मिशनकार्याच्या आदेशातही जबरदस्ती आणि आमिष दोन्हींना सक्त मनाई आहे. त्यामुळे जे येतात ते ऐकायलाच येतात.

आता एक मागणं. दुसऱ्या चर्चमधून आलेल्यांची पहिली कबुली, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करणं, राहिली आहे. साठीच्या माणसाची त्यासाठी तयारी कशी करून घ्यायची, ते सवडीने लिहून पाठवा. मुलांच्या तयारीचा तक्ता त्यांना चालत नाही.

आपले,
वर्ग घेणारे सगळे