‘वाटलं’ आणि ‘वाटलं की’

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

जवळच्या माणसाशी भांडण झालं की दर वेळी तू तशीच वागतेस आणि का ते कळत नाही, म्हणून लाइफ कोचकडे जाऊ की थेरपिस्टकडे, असं तू विचारलंस. फोनवर हे अर्धवट राहिलं असतं, म्हणून लिहितोय.

आधी निवडीचं बोलू. कोच म्हणवून घ्यायला बहुतेक देशांत परवाना लागत नाही. चांगला कोच पुढच्या कामाला उपयोगी पडतो: नवी जबाबदारी पेलणं, नाही म्हणायला शिकणं, ठरवलेलं पार पाडणं. जुनी जखम उकलणं हे त्याचं काम नाही आणि तो ते करू म्हणाला तर तिथून उठावं. तुझ्यासारखी तीच ती घडी नात्यानात्यात पडत असेल तर थेरपिस्ट बरा. झोप-भूक बिघडली, उदासी दोन आठवडे हटत नाही, असं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ) किंवा मानसोपचारतज्ज्ञ (औषधं देणारा डॉक्टर) गाठायचा. जगणं नकोसं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मदत मागायची. हे वाक्य दोनदा वाच.

पहिल्या फोनवरच विचार: शिक्षण काय, कुठल्या पद्धतीने काम करता, तुमच्या कामावर कुणा वरिष्ठाची देखरेख आहे का, गोपनीयता कुठे संपते? ती कुठेतरी संपतेच. जिवाला धोका दिसला तर थेरपिस्टला इतरांना कळवावं लागतं, आणि चांगला थेरपिस्ट हे पहिल्याच सत्रात सांगतो. न विचारता सांगितलं तर उत्तमच.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली उपचारातल्या नात्याचे तीन भाग मांडले: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि आपसातला विश्वास. तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर हे तिन्ही तपास. माणूस फार छान आहे, पण आपण नेमकं काय करतोय ते कळत नाही, अशी अवस्था असेल तर तसं तिथेच बोल. अनेक जण बोलत नाहीत, गुपचूप जाणं बंद करतात आणि थेरपी काही खरी नाही असं ठरवून टाकतात.

सत्र ४५ ते ५० मिनिटांचं असतं. आठवड्यातला बाकी सगळा वेळ तुझा, त्यामुळे खरं काम वहीत होतं. ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात विचार तपासून बघण्याची जी उपचारपद्धती उभी केली, त्यातूनच ही नोंदवही आली. रकाने असे: प्रसंग, विचार (त्यावर किती टक्के विश्वास), भावना (० ते १०० आकडा), शरीर, मी काय केलं. मग विचाराच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा, आणि शेवटी पर्यायी विचार.

इथे मराठी माणसाची एक खास अडचण होते. ‘वाटणं’ हे एकच क्रियापद आपण विचारालाही वापरतो आणि भावनेलाही. ‘मला वाईट वाटलं’ ही भावना. ‘मला वाटलं की त्याला माझी किंमत नाही’ हा विचार, तोही दुसऱ्याच्या मनाबद्दलचा अंदाज. ‘वाटलं’च्या मागोमाग ‘की’ आला तर ते विचाराच्या रकान्यात टाक. दुसरी फसवी जागा म्हणजे ‘सारखं’. ‘फसवल्यासारखं वाटलं’ यात भावना कमी आणि आरोप जास्त असतो. आरोप बाजूला काढ आणि खाली काय उरतं ते बघ: दुःख, भीती, लाज, मत्सर. तिसरा शब्द ‘टेन्शन’. तो तर झाकण आहे, त्याच्याखाली काहीही असू शकतं. महिनाभर वहीत ‘टेन्शन’ लिहायचंच नाही, एवढं केलंस तरी बरंच उघडं पडेल.

आता एक नोंद भरून दाखवतो. समज, संध्याकाळी ७.१० ला जोडीदाराला ‘पोचलास का?’ असा मेसेज गेला, निळ्या खुणा आल्या, दहापर्यंत उत्तर नाही. विचार: ‘त्याला माझी पर्वा नाही’, यावर विश्वास ८५ टक्के. भावना: राग ८०, आणि जरा थांबून पाहिलं तर खाली भीती ६०. शरीर: जबडा आवळलेला, घसा दाटलेला. केलं काय: लागोपाठ चार मेसेज, मग फोन बंद. विचाराच्या बाजूचा पुरावा: वाचलं, उत्तर दिलं नाही. विरुद्ध: परवा मी आजारी असताना तो रात्रभर जागा होता. पर्यायी विचार: ‘वाचलंय, उत्तर का नाही ते मला माहीत नाही.’ आता राग ४५.

राग शून्यावर आलाच पाहिजे असं नाही. पर्यायी विचारात ‘त्याचं माझ्यावर खूप प्रेम आहे’ असलं गोडगोड लिहिलंस आणि त्यावर विश्वास २० टक्केच असेल तर ती नोंद वाया गेली. दुसरी चूक दोन दिवसांनी लिहिण्याची. तोवर आठवणीने आपली बाजू सजवलेली असते. त्याच दिवशी, आठवड्याला तीन-चार नोंदी पुरेत. सहा आठवड्यांनी भावनेचा आणि ‘काय केलं’चा रकाना नुसता वरून खाली वाच. तुझी घडी तिथे दिसेल, बहुधा रागाखालची भीती आणि मग दार बंद.

भांडणाबद्दल जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं काम फार उपयोगी आहे. त्यांनी जोडप्यांना बोलताना चित्रित केलं, नाडी मोजली. नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. १५ सेकंद मोज, २५ ठोके भरले तर थांब. म्हणायचं असं: ‘मला आत्ता नीट ऐकता येत नाहीये, साडेनऊला बोलू.’ वेळ सांगायचीच आणि थांब म्हणणाऱ्याने स्वतःहून परत यायचं, नाहीतर समोरच्याच्या लेखी ते तोंड फिरवणंच ठरतं. शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. तेवढ्यात मनात पुढच्या वाक्याची तालीम चालू ठेवलीस तर नाडी उतरत नाही. चाल, पाणी पी, काहीतरी वाच.

परत आल्यावर ‘तू नेहमीच’ने सुरुवात नको. ‘काल साडेसातला ठरलं होतं, तू नऊला आलास, मला काळजी वाटली. उशीर होणार असेल तर एक ओळ पाठव.’ यात घडलेलं आहे, भावना आहे, मागणं आहे. त्याच्या स्वभावावर निकाल नाही. आणि डोळे फिरवणं, नक्कल करणं, टोमणा मारणं हे पूर्ण बंद. गॉटमन यांच्या निरीक्षणात तुच्छता हीच नात्याला सगळ्यात घातक ठरली. एक मात्र पक्कं लक्षात ठेव: समोरच्याची भीती वाटत असेल, हात उगारला जात असेल, तर हे काहीही लागू नाही. जोडीने समुपदेशनालाही जायचं नाही. आधी सुरक्षित जागा, मग एकटीची थेरपी.

सत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पुष्कळदा शेवटच्या पाच मिनिटांत, उठता उठता निघतं. तसं झालं तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू कर. थेरपिस्टचं एखादं बोलणं लागलं तर तेही सांग: ‘मागच्या वेळचं तुमचं ते वाक्य मला खुपलं.’ जे घरी जमत नाही ते तिथे करून बघता येतं, त्यासाठीच ती खोली आहे.

तिथे काय बोललीस ते मला सांगायची गरज नाही. माझ्याविषयीही बरंच निघेल, तुझ्या लहानपणाचं, मी न ऐकलेलं. ते माझ्यासाठी सांभाळून, मवाळ करून बोलू नकोस. कधी ते समोर बसून मला सांगावंसं वाटलं तर वेळ काढून ये. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा