ताई, तुमचा गुडघा दुखत नव्हता

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी तर "बरं, ते राहू दे, मुलाचा खोकला कसा आहे?" म्हणून मोकळ्या झालात. म्हणून हे लिहून काढतेय, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. नाव घालत नाही, नणंद एवढंच सांगते. तेवढी तुमची भीती अजून आहे.

मी दौऱ्यावर होते ते सहा आठवडे तुम्ही घर सांभाळलंत, याचं कौतुक सगळ्यांनी केलं. ते व्हायलाच हवं होतं. पण मला आभार मानायचेत ते त्यानंतरच्या आठ दिवसांचे. मी घरी पोचले तेव्हा तुमची बॅग भरलेली होती, दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलेलं होतं. रात्री तुम्ही माझ्याकडे दोन-तीनदा नुसतं बघितलंत आणि सकाळी तिकीट रद्द केलंत. कारण विचारलं तर म्हणालात, "गुडघा दुखतोय." गुडघा दुखत नव्हता. त्याच दुपारी तुम्ही मुलाच्या मागे दोन जिने धावत चढलात, मी बघितलंय.

दौऱ्यात माणसाला काहीही ठरवावं लागत नाही, हे सांगून कुणाला खरं वाटत नाही. किती वाजता खाली उतरायचं, साउंड चेक कधी, जेवण कधी, झोपायचं कुठे, सगळं आदल्या रात्री फोनवर येतं. माझं काम दोन तासांचं. तबला गायकाच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, मिळवायचा आणि मनापासून साथ करायची. बाकीचा दिवस वाट बघण्यात जातो. आणि त्या दोन तासांसाठी सभागृहभर माणसं टाळ्या वाजवतात. घरी पहिल्या सकाळी डोळे उघडले तेव्हा मी खरोखर फोन हातात घेऊन आजचं शेड्यूल शोधलं. शेड्यूल होतं, पण ते फ्रिजवर चिकटवलेलं. तुमच्या ठसठशीत अक्षरात, सोमवार ते रविवार. त्यात तुमचं नाव होतं, यांचं होतं, मुलीचंही दोन ठिकाणी होतं. माझं कुठेच नव्हतं.

ते तसंच असायला हवं होतं. माझ्यावाचून काही अडू नये असं मीच बजावून गेले होते. तरी पोटात खड्डा पडला.

त्याच्या आदल्या संध्याकाळचं तर विचारूच नका. चार वर्षांचा मुलगा दारात आला, त्याने मला नीट बघितलं आणि तुमच्या मागे जाऊन उभा राहिला. विमानात मी त्या क्षणाची किती तालीम केली होती! मी हात पुढे केले तर त्याने तुमचा पदर घट्ट धरला. तुम्ही हळूच म्हणालात, "ओढू नकोस त्याला. खाली बस आणि तुझं तुझं काहीतरी कर." मी जमिनीवर बसून बॅग रिकामी करत राहिले. वीस मिनिटांनी तो आला, माझ्याकडे न बघता तबल्याची हातोडी उचलली आणि फरशीवर ठोकायला लागला. तुम्ही डोळ्यांनीच मला सांगितलंत, गप्प बस, ठोकू दे.

बालवाडीत आयुष्य काढलेल्या बाईला हे ठाऊक असणारच. मुलं झोपल्यावर तुम्ही मला जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांच्याबद्दल सांगितलंत. आईपासून दूर, रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण त्यांनी १९५०च्या आसपास केलं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि मग असं अलिप्त होतं की आई समोर आली तरी तोंड फिरवतं. हे ऐकून मी रडायला लागले, तेव्हा तुम्ही जवळजवळ रागावलात. "अगं, त्या मुलांजवळ ओळखीचं कुणीच नव्हतं. आठवड्यातून एखाद्या वेळी भेट व्हायची. याच्याजवळ बाप होता, बहीण होती, मी होते. त्या गोष्टीतलं तेवढंच घे, की तोंड फिरवणं म्हणजे विसरणं नव्हे." आणि पुढे काय होईल तेही सांगून ठेवलंत, आता तो चिकटेल. तिसऱ्या दिवसापासून तो न्हाणीघराच्या दारापर्यंत माझ्या मागे यायला लागला. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी त्यालाही काहीतरी बिघाड समजले असते.

मुलीचं प्रकरण वेगळं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आई, तू सारखी ओरडतेस का?" मी कुठे ओरडत होते! मला तर घरातले सगळेच पुटपुटल्यासारखे वाटत होते. टीव्हीचा आवाज मी किती वर नेऊन ठेवलाय हे आधी तुमच्या लक्षात आलं. शेवटच्या कार्यक्रमात माझ्या पुढ्यातल्या मॉनिटरचा, म्हणजे आम्हाला आमचंच वाजवणं ऐकू यावं म्हणून रंगमंचावर ठेवतात त्या स्पीकरचा, आवाज भलताच मोठा होता आणि ऐन कार्यक्रमात तो कमी करा म्हणून सांगायची सोय नव्हती. ८५ डेसिबलचा आवाज कानांनी आठ तास सोसावा, त्यापुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात, हा हिशेब आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो आणि पाळत कुणीच नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं होतं, बारीक शिट्टी वाजत राहते, एक-दोन दिवसांत बहुधा उतरतं. म्हणून आम्ही ते मनावर घेत नाही. तुम्ही घेतलंत. मुलीला शेजारी बसवून सांगितलंत, "आई चिडलेली नाही, तिचे कान दमलेत." दहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरलं. मग माझ्याशी बोलताना ती समोर येऊन बोलायला लागली. कानाच्या डॉक्टरांची वेळही तुम्हीच घेतलीत. तपासणी ठीक निघाली. आता तबल्याच्या पेटीत हातोडीशेजारी इअरप्लगची डबी असते, हे तुमच्या माहितीसाठी.

तिसऱ्या रात्रीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

झोप येत नव्हती. घड्याळात साधारण नऊ तासांचा फरक पडला होता, आणि प्रवासही पूर्वेकडे, म्हणजे अवघड बाजूचा. आपलं आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्यामुळे त्याला दिवस लांबवणं सोपं जातं, आखडणं जड जातं. रोज साधारण एक तास, असा ते जुळवून घेतं. (नऊ तासांना नऊ दिवस. तुम्ही आठ दिवस राहिलात. हिशेब होता की योगायोग?) तर रात्री तीन वाजता, टक्क जागी, मी मुलांचं कपाट आवरायला घेतलं. आवरायला कसलं, पूर्वी होतं तसं परत लावायला. सगळं माझ्या जागेवर. सकाळी यांना गणवेश सापडेना, मोजे सापडेनात, खाली शाळेची गाडी हॉर्न वाजवतेय. हे एक शब्द बोलले नाहीत. यांचं न बोलणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको, तुमचाच भाऊ आहे. गाडी गेली आणि मी फणकारले, "माझ्याच घरात मी एक कपाट लावायचं नाही का?"

नणंद या नात्याबद्दल आपल्याकडे बरं बोलण्याची फारशी पद्धत नाही. त्या क्षणी तुम्ही भावाची बाजू घेणार असं मी धरूनच चालले होते. तुम्ही विचारलंत, "तबल्याची पेटी अजून का उघडली नाहीस?"

मी म्हटलं, उघडलीय, फक्त वाजवला नाही. इतक्या प्रवासातून, इतकी हवा बदलून आलं की पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, एकदम ताणून सुरात चढवायची नसते. दमट हवेत कातडं सैल पडतं, कोरड्या हवेत आवळतं. त्याला या खोलीची हवा लागू द्यायची. घाईने ठोकाठोक केली तर सूर काही टिकत नाही, आणि पुडी फाटली तर हात चोळत बसायचं.

तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि चहाचे कप विसळायला गेलात. मी मूर्खासारखी पाच मिनिटं तिथेच उभी होते.

मग तुम्ही पेन्सिल आणलीत. फ्रिजवरच्या कागदावर तुमचं एक नाव खोडून तिथे माझं लिहिलंत. रोज एक ओळ, त्याहून जास्त नाही. पहिली ओळ कुठली, तर मुलांची नखं कापणं! मला हवी होती रात्रीची गोष्ट. सहा आठवडे ती यांच्याकडे होती, आणि त्यांनी रोज एक भाग अशी लांबलचक मालिकाच रचली होती. एक बहिरं कासव आणि त्याचं हरवलेलं घड्याळ. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तुम्ही बजावलंत, "ती मागायची नाही. ती त्याने कमावलीय." फार लागलं ते तेव्हा. मी दोन रात्री दाराबाहेर उभी राहून कासवाचं पुढे काय होतं ते ऐकलं, आणि आपला नवरा इतका गमतीदार बोलू शकतो हे मला इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कळलं.

त्याच जागरणांत कधीतरी फोनवर रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कुटुंबांवर त्याने १९४९ साली लिहिलं, आणि माणूस दूर जाण्याइतकंच त्याचं परत येणं हीसुद्धा कुटुंबावरची आपत्ती धरली. माझी गोष्ट युद्धाची नाही, तुलना करायचीही लाज वाटते. पण तेवढ्या एका वाक्याने मी यांना उठवून विचारलं, मी नसताना सगळ्यात जड काय गेलं? ते म्हणाले, "तू फोनवर रोज विचारायचीस सगळं ठीक ना, आणि मला रोज हो म्हणावं लागायचं." मग आम्ही उजाडेपर्यंत बोलत होतो. तुम्ही चारला उठलात, आमच्या खोलीत दिवा बघितलात, आणि त्या दिवशी मुलांना तुम्हीच शाळेत धाडलंत. फ्रिजवरची ओळ माझी असूनही. हा एकच नियम तुम्ही मोडलात.

बाकी बारीकसारीक कितीतरी आहे. रात्री नऊ वाजले की रंगमंचावर जायची वेळ झाल्यासारखी माझी बोटं टेबलावर चालायला लागायची, तेव्हा तुम्ही मला चालायला बाहेर काढायचात. सहा आठवडे चोवीस तास सोबत असलेली माणसं विमानतळावर पाच मिनिटांत पांगतात, आणि मग ग्रुपवर दोन दिवसांत शांतता. त्याचं मला वाईट वाटत होतं, आणि घरच्यांसमोर ते बोलायची चोरी. तुमच्याशी बोलता आलं. सगळं लिहीत बसत नाही.

एक मात्र कबूल करायचंय. दौऱ्यावर निघाले तेव्हा पहाटेची गाडी होती आणि मुलगा झोपला होता. मी त्याला उठवलं नाही. रडेल, त्यापेक्षा झोपेतच निघालेलं बरं, असं स्वतःला समजावलं. खरं तर त्याचं रडणं मला झेपलं नसतं. तुम्ही यावरून मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. पण तुम्ही स्वतः निघालात ते कसं निघालात! दोन दिवस आधी त्याला सांगितलंत. कॅलेंडरवर त्याच्याकडून गोल करून घेतलात. निघताना बॅगेचं एक चाक त्याच्या हातात दिलंत. तो रडला, भरपूर रडला, तुम्ही थांबलात, त्याचं नाक पुसलंत आणि मग गेलात. जिन्यावरून त्याने तुम्हाला हात केला. आत येऊन त्याने मला विचारलं, "तू जाताना मला का नाही सांगितलंस?"

मी त्याला खरं उत्तर दिलं. पुढचा दौरा तीन महिन्यांनी आहे, लहान, बारा दिवसांचा. कॅलेंडरवर गोल त्यालाच करायला देणार आहे.

फ्रिजवरचा कागद बदलला. आता तो यांच्या अक्षरात आहे, म्हणजे कुणालाच वाचता येत नाही. रात्रीची गोष्ट आठवड्यातून दोनदा माझ्याकडे असते. कासवाच्या मित्रांची नावं मी चुकवते आणि मुलगा वैतागून सुधारतो. तबला पाचव्या दिवशी चढवला होता, छान लागलाय.

तुमच्या चष्म्याचं घर इथेच, खिडकीत राहिलंय. कुरिअरने पाठवून देते म्हणाले होते. पाठवणार नाहीये. न्यायला या.

तुमची,
भावजय